खालच्या गाळ्यात बार येतोय, सही करू की नको?

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत 64 घरं आहेत आणि रस्त्याच्या अंगाला तळमजल्यावर 8 गाळे. त्यातले 2 गाळे माझ्या मैत्रिणीच्या कुटुंबाचे. तिथे तिच्या मिस्टरांची खानावळ होती, ती करोनात बंद पडली. आता तिचा मुलगा तिथे ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ काढतोय. हॉटेल मॅनेजमेंट शिकलाय, काही वर्षं जहाजावर नोकरी करून परत आलाय. परमिट रूमच्या लायसन्ससाठी अर्ज केलाय आणि सोसायटीकडे ना-हरकत मागितली आहे.

यावरून सोसायटीत दोन तट पडलेत. अध्यक्षांनी आणि काही मंडळींनी जिल्हाधिकाऱ्यांना देण्यासाठी निवेदन तयार केलंय. त्यात लिहिलंय की जागेपासून 40 मीटरवर शाळा आहे, आवारात मंदिर आहे, बार आला तर बायकांना रस्त्याने चालणं अशक्य होईल, आणि अर्जदाराची पार्श्वभूमी संशयास्पद आहे. शाळा म्हणजे पलीकडच्या इमारतीतला दहावीचा क्लास. मंदिर म्हणजे गेटजवळ यंदा पावसाळ्याआधी बांधलेली गणपतीची घुमटी. सह्या बऱ्याच झाल्यात. मी सोसायटीची सचिव, त्यामुळे माझी सही पहिल्या पानावर हवी म्हणून रोज कुणीतरी दार वाजवतं.

माझी अडचण वेगळी आहे. माझा धाकटा भाऊ दारूपायी गेला. मला दारूचा वाससुद्धा सहन होत नाही. पण हा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर वाढलाय, माझ्या हातचं जेवलाय. मैत्रीण परवा जिन्यात भेटली तर तोंड फिरवून निघून गेली. सही केली तर तिला तोंड कसं दाखवू? नाही केली तर भावाशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. पुढच्या महिन्यात सभा आहे. काय करू?

– एक सचिव, पुणे

उत्तर:

ताई, नमस्कार.

आधी थेट उत्तर देते. या निवेदनावर सही करू नका. बारला तुमचा कडाडून विरोध असला, तरीही या कागदावर करू नका. विरोध करायचा असेल तर स्वतःच्या नावाने, वेगळ्या कागदावर, खरं आहे तेवढंच लिहून करा. तसं एक पत्र फाइलमध्ये जास्त वजनदार ठरतं, आणि ते लिहूनही तुम्ही मैत्रिणीसमोर उभ्या राहू शकता.

आता भावाबद्दल. तुम्ही दोन ओळींत लिहिलंत, पण पत्राचा सगळा भार त्या दोन ओळींवर आहे. घरातलं माणूस दारूने जातं तेव्हा ते एका दिवसात जात नाही. आधी पगार जातो, मग दागिने, मग घरातली झोप, आणि शेवटी माणूस. हे ज्याने पाहिलंय त्याला ‘हल्ली सगळेच घेतात’ असं सांगणं हा त्याच्या दुःखाचा अपमान आहे, आणि तो मी करणार नाही. तुम्हाला दारूचा तिटकारा आहे आणि त्याबद्दल कुणापुढे सफाई द्यायची गरज नाही. सभेत उभं राहून ‘माझा विरोध दारूलाच आहे, कारण माझ्या माहेरी तिने काय केलं ते मी पाहिलंय’ असं सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ते प्रामाणिक मत आहे. मत म्हणून ते नोंदवा आणि मत म्हणूनच मोजलं जाऊ द्या.

भावाचं जाणं हे या मुलाविरुद्धचं आरोपपत्र मात्र होऊ शकत नाही. त्याने तुमच्या भावाला पाजली नव्हती. सिंहगड रस्त्यावर आज पाच मिनिटं चाललं तरी दारू मिळते, म्हणजे हा गाळा बंद राहिला म्हणून कुणाची सुटेल असंही नाही. भावाशी इमान राखायचं तर त्याचं दुःख तुम्ही खोट्या कागदाखाली घालू नये. मला हेच फार महत्त्वाचं वाटतं.

तो कागद खोटा का म्हणते, ते नीट सांगते, कारण सभेत तुम्हाला हे लागणार आहे.

बार अँड रेस्टॉरंटला लागणारं लायसन्स म्हणजे एफएल-3, आपण ज्याला परमिट रूम म्हणतो. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षक कार्यालयात जातो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. मुंबई विदेशी मद्य नियम, 1953 यांत अंतराची अट आहे: शाळा, धार्मिक स्थळ, एसटी स्थानक यांच्यापासून 75 मीटर. निवेदन लिहिणाऱ्यांना ही अट कुठून तरी कळली आहे, पण त्यांनी ती पुढे वाचलेली नाही. शाळा म्हणजे मान्यताप्राप्त पूर्वप्राथमिक, प्राथमिक किंवा माध्यमिक शाळा, किंवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय. खासगी क्लास त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. धार्मिक स्थळ म्हणजे नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या मालकीचं किंवा व्यवस्थेतलं. गेटजवळची घुमटी त्यात बसत नाही.

अंतर मोजण्याची रीतही ठरलेली आहे. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारत नाहीत. बारच्या दाराच्या मध्यापासून, माणूस पायी ज्या जवळच्या वाटेने एरवी जातो त्या वाटेने, समोरच्या संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजतात. कंपाउंड नसेल तर इमारतीच्या दारापर्यंत. एका रविवारी सकाळी दोघी-तिघींनी टेप घेऊन खरोखर मोजून या. आसपास मान्यताप्राप्त शाळा किंवा बालवाडी असेल तर तिचं नाव, मान्यता आणि मोजलेलं अंतर लिहा. ते 75 मीटरच्या आत भरलं तर प्रश्न तिथेच मिटला, लायसन्स मिळणार नाही आणि कुणाला कुणाशी भांडावंही लागणार नाही. आसपास तसं काही नसेल तर शाळेचा मुद्दा निवेदनातून काढा.

नाही काढला तर काय होईल? विभागाचा निरीक्षक स्थळपाहणीला येईल. ‘40 मीटरवर शाळा’ वाचून शाळा शोधेल आणि त्याला क्लासची पाटी दिसेल. मग घुमटीकडे बघेल आणि तिचा ताजा सिमेंट बघेल. त्यानंतर त्याच निवेदनात पार्किंगबद्दल, धुराबद्दल, आवाजाबद्दल जे खरं लिहिलं असेल, त्याकडेही तो त्याच नजरेने बघणार. पहिला मुद्दा खोटा ठरला की बाकीचे मुद्दे मांडणाऱ्याचं तोंड बंद होतं.

घुमटीबद्दल एक बोलायचं आहे. बार अडवायला देव आणून बसवायचा, हा प्रकार आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चालतो आणि मला तो मनापासून खुपतो. गणपती ज्यांच्या श्रद्धेचा आहे त्यांच्यासाठी तो तिथे असू द्या. रोज दिवा लावा, आरती करा. पण त्याला सरकारी अर्जातला मुद्दा करू नका.

आणि ‘अर्जदाराची पार्श्वभूमी संशयास्पद’ हे वाक्य तर ताबडतोब खोडायला सांगा. कशावरून संशयास्पद? जहाजावर नोकरी केली म्हणून? तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. या वाक्याखाली तुमची सही गेली तर तुमच्या मैत्रिणीने तोंड फिरवलं यात तिचं काय चुकलं? चारित्र्य पडताळणी पोलीस करतील, ते त्यांचं काम आहे.

एवढं झाल्यावर खरा प्रश्न उरतो: हा बार या जागी चालवला तर 64 घरांना नेमका काय त्रास होऊ शकतो? निवेदनात याबद्दल जवळजवळ काही नाही, आणि तुमचं खरं बळ इथेच आहे.

खानावळीच्या जागी परमिट रूम आली की आधी बदलतं ते स्वयंपाकघर. तंदूर येतो, मोठ्या शेगड्या येतात, आणि त्यांचा धूर कुठे सोडणार हा प्रश्न येतो. एक्झॉस्टची चिमणी गच्चीच्या वर नेली नाही, तर मागच्या बाजूच्या पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांना खिडक्या उघडता येणार नाहीत, वाळत घातलेल्या कपड्यांना तंदुरीचा वास येईल. हे मी उगाच रंगवून सांगत नाही. हॉटेलच्या वर राहणाऱ्या कुणालाही विचारा, ते दारूबद्दल कमी आणि धुराबद्दल जास्त बोलतील. दुसरा प्रश्न दाराचा. गाळ्याचं मागचं दार सोसायटीच्या आवारात उघडतं का? उघडत असेल तर तिथे रात्री वेटर सिगारेट ओढायला उभे राहणार, सकाळी रिकाम्या बाटल्यांचे क्रेट तिथूनच निघणार, आणि जवळच्या जिन्याने क्लासवरून येणाऱ्या मुलींना तेवढाच रस्ता उरणार. बायकांच्या सुरक्षिततेचा मुद्दा मोघम लिहिला की तो पुसला जातो. ‘मागचं दार ग्राहकांसाठी आणि माल काढण्यासाठी कायम बंद राहील, फक्त आपत्कालीन मार्ग म्हणून आतून उघडेल’ असा लिहिला की त्याची अट होते.

आपत्कालीन मार्ग हा शब्द मुद्दाम वापरला. मुंबईत कमला मिलमध्ये 28-29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली आणि 14 जणांचा जीव गेला. तुमच्या इथे गाळ्यावर घरं आहेत. गॅसच्या टाक्या कुठे ठेवणार, किती ठेवणार, बाहेर पडायला दोन वाटा आहेत का, हे विचारणं म्हणजे त्या मुलावर अविश्वास दाखवणं नव्हे. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं, त्याला फॉर्म बी म्हणतात. त्याची एक प्रत सोसायटीच्या ऑफिसात द्यायची, अशी अट घाला.

मग फ्रंट मार्जिन आणि साइड मार्जिन. पुण्यातल्या हॉटेलांचा हा जुना रोग. मंजूर नकाशात मोकळी सोडलेली जागा असते, तिथे आधी दोन टेबलं येतात, मग पत्रा येतो, मग झाडाच्या कुंड्यांची भिंत येते. एकदा पत्रा बसला की तो काढायला वर्षं जातात. म्हणून आधीच लिहून घ्या की गाळ्याच्या चौकटीबाहेर एकही खुर्ची येणार नाही. गाड्यांचंही तसंच. सोसायटीचं पार्किंग ग्राहकांना मिळणार नाही, आणि रस्त्यावर गेट अडेल अशी गाडी लागू न देण्याची जबाबदारी हॉटेलची, त्यासाठी संध्याकाळी त्याचा माणूस बाहेर उभा राहील.

आवाजाबद्दल कायदा तुमच्या बाजूने आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल आहे. वेळेबद्दल मात्र तो तुमच्या बाजूने नाही. पुण्यात परमिट रूम रात्री दीडपर्यंत चालू ठेवता येते. तेव्हा वेळ हा मागण्याचा विषय आहे, आणि मागायची ती आत्ताच. साडेअकरा वाजता बंद, अकराला शेवटची ऑर्डर. ‘फॅमिली रेस्टॉरंट’ ही पाटी तो खरंच मनापासून लावत असेल तर त्याला हे जड जाऊ नये, कारण कुटुंबं रात्री एकला जेवायला येत नाहीत.

वयाचाही मुद्दा आहे. तुमच्या भागात इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, पोरं खोल्या घेऊन राहतात. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय 21 आणि कडक दारूसाठी 25 आहे. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव गेला, तेव्हा त्याला दारू देणाऱ्या बारवरही कारवाई झाली होती. ओळखपत्र पाहिल्याशिवाय ग्लास भरायचा नाही, हे त्या मुलाला त्याच्याच भल्यासाठी सांगा. हे तुमच्या तोंडून गेलं तर त्याला ते पटेल, कारण ते सांगण्यामागे कोण आहे हे त्याला ठाऊक आहे.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न एकच आहे आणि तो तुमच्या सोसायटीत अजून कुणी विचारलेला दिसत नाही: बार चालवणार कोण?

आपल्याकडे लायसन्स एकाच्या नावावर आणि गल्ल्यावर दुसराच, हे सर्रास चालतं. घरातला मुलगा हौसेने सुरू करतो, सहा महिन्यांत हप्ते अंगावर येतात, मग कुणीतरी ‘चालवायला’ घेतो. त्याला ना तुमची ओळख, ना जिन्यातल्या मुलींची पर्वा. तो महिन्याला ठरलेली रक्कम देतो आणि उरलेलं ओरबाडून काढतो. उशिरापर्यंतचा धिंगाणा, मार्जिनमधलं टेबल, कॉलेजच्या पोराला न विचारता दिलेली बाटली, हे सगळं बहुतेक वेळा या चालवायला घेणाऱ्याच्या काळातलं असतं. मुलगा स्वतः काउंटरवर बसणार असेल, तर रात्री गोंधळ झाल्यावर त्याच्या आईला तुमच्या शेजारून जिना चढायचा आहे. त्या एका गोष्टीने जितका वचक राहील तितका कुठल्याही नियमाने राहत नाही. म्हणून ना-हरकतीची पहिली अट हीच ठेवा: गाळा आणि धंदा कुटुंबाबाहेर चालवायला दिला, की सोसायटीची संमती रद्द समजली जाईल आणि तसं विभागाला कळवलं जाईल. तो यावर आढेवेढे घेऊ लागला तर माझं मत ठाम आहे. ना-हरकत देऊ नका, मग तो कुणाचाही मुलगा असो.

आता त्याची बाजूही पाहू. वाइन शॉपची नवी लायसन्स आपल्या राज्यात 1970 च्या दशकापासून दिली जात नाहीत, जुनीच इकडून तिकडे हलतात. परमिट रूमचं तसं नाही, नवी मिळते, म्हणून हॉटेल काढणारा प्रत्येक तरुण तिच्याकडे वळतो. नुसत्या जेवणावर गाळ्याचा खर्च निघत नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण बारमध्ये पैसाच पैसा आहे, असं त्याच्या आईला वाटत असेल तर तेही खरं नाही. वाढलेली लायसन्स फी, दुप्पट झालेला व्हॅट आणि दारूवरचं वाढलेलं उत्पादन शुल्क यांच्याविरुद्ध 14 जुलै 2025 ला राज्यभरच्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला होता. कर्ज काढून यात उतरणाऱ्या मुलाला कुणीतरी आपुलकीने हिशेब मांडायला लावला पाहिजे. त्याचे वडील खानावळ चालवत होते, त्यांना हिशेब कळतो. तेही त्या चर्चेत असू देत.

सभेकडे वळू. सोसायटीच्या गाळ्यात बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची ना-हरकत बंधनकारक राहील, असं अजित पवार यांनी उत्पादन शुल्क खात्याचे मंत्री म्हणून मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर केलं होतं. तुमच्या प्रकरणात परमिट रूमसाठी आज कोणता आदेश लागू आहे, हे अधीक्षक कार्यालयाला सोसायटीच्या लेटरहेडवर विचारा आणि उत्तरही लेखी मागा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 30 दिवसांत द्यावं लागतं. अर्जासोबत जोडलेला नकाशाही मागा, म्हणजे कागदावर टेबलं कुठे आहेत ते कळेल. काहीही असलं तरी सर्वसाधारण सभेचा ठराव हा त्या फाइलमधला वजनदार कागद असणार, म्हणून तो नियमाने व्हायला हवा. विशेष सभा असेल तर पाच पूर्ण दिवसांची नोटीस काढा आणि त्यात विषय स्पष्ट लिहा. ‘आयत्या वेळचे विषय’ यात हे ढकलू नका. मुलाला पंधरा-वीस मिनिटं द्या, नकाशा भिंतीवर लावून त्याने सगळं समजावू दे. मतदान चिठ्ठीने घ्या. हात वर करून घेतलं तर त्याचे शेजारी भिडेपोटी हो म्हणतील आणि अध्यक्षांचे शेजारी भीतीपोटी नाही म्हणतील.

ठरावात अटी जशाच्या तशा लिहा आणि नंतर गाळेधारकाबरोबर त्यांचा नोटरी केलेला करारनामा करा. एक समजून घ्या, ताई. तुमच्या खासगी अटी मोडल्या म्हणून उत्पादन शुल्कवाले धावत येणार नाहीत. ते त्यांच्या लायसन्सच्या अटी बघतात. त्या मोडल्या तर लायसन्स निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. बाकीचं तुम्हाला करारावर आणि उपविधींवर लढावं लागेल. म्हणून कराराशिवाय नुसतं ना-हरकत पत्र देऊन मोकळं होऊ नका. पत्र एकदा फाइलला लागलं की परत मिळत नाही.

तुमच्यातल्या काहीजणी म्हणत असतील, आत्ता कशाला वाईटपणा, उद्या त्रास झाला तर आडवी बाटली करू, म्हणजे मतदानाने बार बंद पाडू. त्यांना त्याची वाट किती खडतर आहे ते सांगा. चालू असलेलं दुकान मतदानाने बंद करण्याचा आदेश 2008 मध्ये गावांसाठी निघाला, नंतर शहरी वॉर्डांसाठीही तरतूद आली. गावाच्या आदेशात 25 टक्के महिलांनी किंवा मतदारांनी आधी मागणी करायची, तिची पडताळणी होते, मग गुप्त मतदान, उभी बाटली की आडवी. आणि आडवीला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी मजुरीला गेली, आजारी पडली किंवा माहेरी गेली, तिचं न पडलेलं मत उभ्या बाटलीच्या बाजूनेच मोजल्यासारखं होतं. गावोगावच्या बायकांनी असल्या लढायाही जिंकल्या आहेत आणि त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण ज्यांना आत्ता एका सभेत बोलता येतंय त्यांनी ती लढाई आपल्यावर ओढवून घेऊ नये.

तुमचं मत कुठे पडावं? ते मी ठरवणार नाही, पण विचारलंत म्हणून माझं सांगते. मुलगा स्वतः चालवणार, साडेअकराला बंद करणार, चिमणी गच्चीवर नेणार आणि मागचं दार बंद ठेवणार, एवढं लेखी देत असेल तर मी ‘हो’ म्हणेन. यातली एक जरी गोष्ट कबूल नसेल तर ‘नाही’. तुमच्या भावामुळे तुमचा हात ‘हो’कडे वळतच नसेल, तर ‘नाही’ लिहा. त्यात काही गैर नाही. सचिव म्हणून सभा नियमाने चालवणं हे तुमचं काम, आणि सदस्य म्हणून चिठ्ठी टाकणं हा तुमचा हक्क. दोन्ही एकाच संध्याकाळी करता येतात.

आणि मैत्रीण. नोटीस लावायच्या आधी तिच्या घरी जा. जिन्यात, गच्चीवर, भाजीवाल्यापाशी नको, घरी. चहा ठेवेल न ठेवेल, बसा. तिला सांगा की त्या निवेदनावर मी सही केलेली नाही आणि करणार नाही, कारण त्यात तुझ्या मुलाबद्दल खोटं लिहिलंय. हे आधी सांगा. मग सांगा की दारूचं नाव काढलं की मला माझा भाऊ आठवतो, त्यामुळे सभेत मी कदाचित विरोधात मत देईन, आणि ते तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून आले. तिला राग येईल, कदाचित रडेलही. तिलाही गेल्या काही वर्षांत खूप काही सोसावं लागलंय. नवऱ्याची खानावळ बंद झाली, मुलगा परत आला तो कर्ज घेऊन धंदा उभा करायला, आणि शेजारपाजारच्या माणसांनी त्याला संशयास्पद ठरवलं. तिने तोंड फिरवलं त्यामागे हे सगळं आहे, एकट्या तुम्ही नाही.

मुलगा घरी असेल तर अटींचा कागद त्याच्या हातात द्या आणि म्हणा, सभेच्या आधी यावर तुझं उत्तर लिहून आण, काय जमेल, काय नाही. तो हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला आहे. चिमणी, डक्ट, ग्रीस ट्रॅप या गोष्टी तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतात. कदाचित तुम्हाला न सुचलेली एखादी अडचण तोच दाखवेल. अध्यक्षांकडेही तोच कागद पाठवा, सोबत तुम्ही मोजलेल्या अंतराचा आकडा द्या, आणि निवेदनातले तीन मुद्दे काढून ते नव्याने लिहायला सांगा. ते तयार झाले तर त्या नव्या कागदावर सही करायची की नाही ते वाचून ठरवा. नाही झाले, तर सभेच्या इतिवृत्तात एवढंच नोंदवा की सचिवांनी सदर निवेदनावर सही केलेली नाही आणि त्याची कारणं लेखी दिली आहेत.